वाणसामानाची यादी आणि ज्याचें त्याचें पथ्य

वाणसामानाची यादी आपल्या घरांतून बहुधा संवयीनेंच होते. गेल्या महिन्यांत जें आलें तेंच याही महिन्यांत येतें. आमच्या नऊ माणसांच्या कुटुंबांतही हाच परिपाठ होता. गेल्या वर्षीं आमचा रक्तदाब वाढलेला निघाला व डॉक्टरांनीं मीठ कमी करण्यास सांगितलें. आम्हीं तत्काळ सूनबाईंच्या हातास दोष दिला. वाद न घालतां त्यांनीं वाण्याच्या हिशेबाची वही आमच्यापुढें ठेविली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसाच्या पोटांत दिवसाकांठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ जावें. मुलांच्या त्याहूनही कमी. नऊ माणसांचें तीस दिवसांचें हें मीठ फार तर १३५० ग्रॅम होतें. आमच्या घरीं अडीच किलो येत होतें! पापड, लोणचें, फरसाण यांतील मीठ निराळेंच, आणि त्यांचे मुख्य भोक्ते आम्हीच. फरसाणाच्या वेष्टनावर दर १०० ग्रॅममागें सोडियम किती हें छापलेलें असतें. त्यास अडीचनें गुणिलें म्हणजे मिठाचें प्रमाण कळतें. घटकद्रव्यांचीं नांवेंही वजनाच्या उतरत्या क्रमानें असतात. साखर वा तेल आरंभींच आढळल्यास काय तें समजावें.

परंतु सर्वांस एकच पथ्य लावणेंही युक्त नव्हे. इस्रायलांतील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं ८०० माणसांच्या रक्तांतील साखरेची सतत नोंद घेऊन २०१५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच पदार्थानें कोणाची साखर पुष्कळ चढते, कोणाची अल्पच, असें त्यांस आढळलें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार करण्याचीं जीं आठ अंगें सांगितलीं आहेत, त्यांत 'राशि' म्हणजे प्रमाण आहे आणि शेवटीं 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा स्वतः, आहे. रीति निराळी असली तरी प्रश्न तोच आहे.

आमच्या धाकट्या बंधूंस मधुमेह आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांनीं न्याहारीनंतर दोन तासांनीं साखर मोजून लिहून ठेविली. पोह्यांच्या दिवशीं ती चढे, मुगाच्या धिरड्यांच्या दिवशीं तितकी चढत नसे. यादींत त्यांच्यापुरते मूग वाढले. इतरांचे पोहे कायम राहिले.

आज आमच्या घरीं मीठ दीड किलोवर आलें आहे व फरसाण सणावारींच येतें. औषध मात्र आम्हीं सोडलेलें नाहीं. वही ही वैद्याची जागा घेऊं शकत नाहीं. सूनबाईंस दिलेला दोष आम्हीं सर्वांदेखत परत घेतला. आमच्या वयाच्या वाचकांनीं स्वयंपाकघरास बोल लावण्यापूर्वीं वाण्याची वही एकदां अवश्य चाळावी.