आवरलंस का?

आमची आत्या कोकणातून यायची तेव्हा तिच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली एक फणेरपेटी असायची. सागवानी, वीतभर लांब, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आरशाचा पारा एका कोपऱ्यात उडाला होता, त्यामुळे बघणाऱ्याचा एक कान कायम गायब. आत कप्पे. एकात लाकडी फणी, एकात आकडे, एकात काळी आगवळ, एकात मेणाची डबी. शेवटच्या कप्प्यात चांदीचा करंडा, तो मात्र रिकामा. आत्या पंचविशीतच विधवा झाली होती. कुंकवाशी संबंध तुटला तरी करंडा तिनं मोडीत घातला नव्हता.

मी बावीस वर्षांची असताना आई गेली. तेरावा उरकला, पाहुणे पांगले आणि मी गॅलरीत एका गाऊनवर बसून राहिले. केसांना कितीतरी दिवस फणी लागली नव्हती. येणारेजाणारे धीर देत होते, 'सावर आता' म्हणत होते. आत्या तसलं काही बोलली नाही. तिनं पाट मांडला, वाटीत खोबरेल कोमट केलं आणि विचारलं, "आवरलंस का गं?"

नव्हतं आवरलं, ते तिला दिसतच होतं. जटा सोडवायला पाऊण तास लागला. सगळा वेळ मी रडत होते, आणि केस ओढले जाताहेत हे निमित्तही बरं होतं. वेणी घालून झाली, तिनं माझी मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली, आणि मला भूक लागली.

'आवरणं' हा शब्द मला तेव्हापासून पुरलेला आहे. आपण घर आवरतो, पसारा आवरतो. बाहेर निघायच्या आधी 'आवरून येते' म्हणतो, म्हणजे तोंड धुऊन, केस विंचरून, पावडर-टिकली लावून, साडी बदलून. आणि रडूही आवरतो. तिन्ही कामांना एकच क्रियापद वापरणाऱ्या भाषेला मन आणि आरसा यांच्यातलं नातं पूर्वीच उमगलं असावं. मला तरी तसं वाटतं, व्युत्पत्तीवाल्यांनी हसावं.

मन खचतं तेव्हा बाहेरून आधी दिसतं ते हेच. मनोविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीत जी टिपणं करतात, त्यांत पेशंटची वेशभूषा आणि स्वतःची निगा यांची नोंद असते. नखं वाढलीत का, दाढी किती दिवसांची, कपडे कसे आहेत. नैराश्यात माणूस आवरायचं सोडतो, हे सगळ्यांना पटतं. उलट्या दिशेनं चालून बघितलं तर? आधी आवरलं तर मन थोडं वर येतं का?

याचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालं. मुळातला विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलेला. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. त्या गोष्टींतून मिळणारा छोटा छोटा आनंद बंद होतो. त्यामुळे तो अजून उदास होतो आणि अजून काहीतरी सोडतो. हे चक्र उलटं फिरवायचं तर 'बरं वाटलं की करीन' यावर थांबायचं नाही. आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. या धर्तीवर 'संगथ' या गोव्यातल्या संस्थेनं आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक कार्यक्रम राबवला. समुपदेशक स्थानिक होते, त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती, फक्त या कामाचं प्रशिक्षण होतं. सहा ते आठ भेटी. पेशंट तीव्र नैराश्याचे. 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. या भेटी ज्यांना मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हा कार्यक्रम लिपस्टिकचा नव्हता, हे सांगायलाच हवं. कुणाला शेजारी जाऊन बसायचं असे, कुणाला सोडलेलं काम पुन्हा हाती घ्यायचं असे. पण हातांनी आधी, मनानं मागून, हा क्रम आत्याच्या पाटावरचाच. आणि अशा छोट्या कामांत शृंगाराइतकं सोयीचं काम दुसरं नाही. दहा मिनिटांत संपतं. जमलं की नाही ते आरसा लगेच सांगतो. कुणाची परवानगी लागत नाही. स्वयंपाकात मीठ चुकलं तर घरदार बोलतं, काजळ तिरकं गेलं तर पदराचं टोक पुरतं.

त्यात स्पर्श आहे. हातांच्या आणि चेहऱ्याच्या त्वचेत एका जातीचे मज्जातंतू असतात, ते टोचलं-भाजलं याच्या बातम्या पोचवत नाहीत. सावकाश, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या गतीनं फिरणाऱ्या ऊबदार हाताला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. क्रीम चोळणाऱ्या बोटांची गती साधारण तेवढीच असते. घाईनं थापलेल्या क्रीमची नसते. दुसऱ्याचा हात असेल तर परिणाम अधिक, म्हणून स्वतःच्या हातानं घातलेली वेणी आणि आत्यानं घातलेली वेणी एक नव्हे.

त्यात वासही आहे. बाकीच्या इंद्रियांची वर्दी मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जाते. वास ते ठाणं टाळून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा यांचं उटणं ओलं झालं की न्हाणीघरात पहाटे जे काही पसरतं, त्यानं पन्नाशीतली बाई क्षणात सात वर्षांची होते ती म्हणूनच. बाळंतिणीला सव्वा महिना तेल, शेक आणि धुरी देणाऱ्या बायकांना थॅलॅमस ठाऊक नव्हता. ओल्या अंगाची, बावरलेली, उगाच डोळे भरून येणारी पोर रोज तासभर कुणाच्या तरी हातात असायला हवी, इतकं मात्र पक्कं ठाऊक होतं. त्या शेगडीच्या धुराबद्दल आजच्या डॉक्टरांच्या तक्रारी आहेत, त्या रास्त आहेत. मालिश टिकावं, धूर जावा.

लिपस्टिकची सगळ्यांत विलक्षण हकिकत सौंदर्याच्या दुनियेतली नाही. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्यानं जर्मनीतली बर्गन-बेल्सन छळछावणी मुक्त केली. हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली, जिवंत होते ते टायफस आणि उपासमारीनं रोज शेकड्यांनी मरत होते. तिथल्या ब्रिटिश लष्करी वैद्यकीय तुकडीचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल गोनिन यांनी लिहून ठेवलंय, की याच दिवसांत छावणीत लिपस्टिकचा मोठा साठा येऊन पडला. कुणी मागवला, कळेना. त्यांना हव्या होत्या शेकडो दुसऱ्या गोष्टी. आणि मग त्यांनी पाहिलं, की अंगावर धड कपडा नाही, गादीवर चादर नाही, अशा बायका ओठ लालभडक रंगवून बसल्या आहेत. खांद्यावर नुसतं ब्लँकेट टाकून त्या फिरू लागल्या, ओठ लाल. एक बाई मेली तेव्हा तिच्या मुठीत लिपस्टिकचा तुकडा होता. हातावर गोंदलेल्या नंबरापलीकडे आपण कुणीतरी आहोत, हे त्या बायकांना पुन्हा वाटू लागलं ते यामुळे, असं त्या लष्करी डॉक्टरचं मत झालं.

याच्या शेजारी बाजारातली गोष्ट ठेवली की ती फार फिकी वाटते. २००१च्या मंदीत एस्टी लॉडर कंपनीचे लिओनार्ड लॉडर म्हणाले होते, की वाईट दिवसांत लिपस्टिकचा खप वाढतो, कारण बाईला मोठी चैन परवडत नाही तेव्हा ती छोटी करते. वाक्य गाजलं. कोविडच्या काळात तोंडावर मास्क आला, लिपस्टिकचा खप आपटला आणि लोक डोळे रंगवू लागले. विकणाऱ्याच्या तोंडून आलेल्या नियमाचं इतपतच मनावर घ्यावं.

आपल्याकडे शृंगाराची ताकद कुणी सिद्ध केली असेल तर ती तो हिसकावून घेणाऱ्यांनी. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. ब्राह्मण घरांत त्यावर केशवपन. बाई जिवंत ठेवायची आणि तिच्यातली 'ती' काढून घ्यायची, यासाठी आरसा, फणी आणि करंडा एवढंच काढून घेणं पुरतं, हे त्या व्यवस्थेला पक्कं माहीत होतं. १८९० साली मुंबईत नाभिकांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला, त्यामागे सत्यशोधक विचाराचे नारायण मेघाजी लोखंडे होते. आणि मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. दोन तारखांमध्ये १३२ वर्षं. टिकलीला 'फालतू नट्टापट्टा' म्हणणाऱ्यानं हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आजारपणातही हेच दिसतं. केमोथेरपीत डोक्यावरचे केस जातात, त्याची मनाची तयारी पेशंट करून आलेले असतात. खरा धक्का भुवया देतात. भुवया गेल्या की चेहऱ्याची चौकटच जाते. आरशात दिसतो तो कुठलाही आजारी माणूस, आपण नव्हे. अमेरिकेत १९८९पासून 'लुक गुड फील बेटर' नावाचा उपक्रम चालतो. सौंदर्यप्रसाधनं तयार करणाऱ्यांची संघटना, अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि ब्यूटिशियन यांनी मिळून तो सुरू केला. कॅन्सरच्या पेशंटना बसवून चेहऱ्याची निगा, भुवई रेखणं, स्कार्फ बांधणं असं शिकवतात. भुवई रेखायची एक सोपी रीत आहे, घरात कुणाला लागली तर उपयोगी पडेल. पेन्सिल नाकपुडीच्या कडेवरून सरळ उभी धरायची. जिथे टेकेल तिथे भुवईची सुरुवात. नाकपुडीकडून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरली की शेवट. बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर कमान. तीन ठिपके आणि मग एक सलग रेघ ओढायची नाही, केसासारख्या बारीक बारीक तुटक रेघा. हे करताना माणूस श्वास रोखतो, जीभ दाताखाली धरतो. तेवढी पाच मिनिटं डोक्यात रिपोर्ट नसतात.

सगळाच रंग मन वर आणणारा नसतो, हेही खरं. मार्च १९११मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी त्या संध्याकाळी ते चेहऱ्याला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. ही आठवण आपण कौतुकानं सांगतो. मला ती ऐकताना नेहमी त्या रंगभूषेच्या खोलीचा विचार येतो. तो रंग लोकांसाठी होता. रोज सकाळी सुजलेल्या डोळ्यांवर कन्सीलर थापून, कुणाला कळू नये म्हणून ऑफिसला निघणाऱ्या पोरीचाही तसाच असतो. त्यानं दिवस निभावतो, ओझं हलकं होत नाही.

आणि काही डब्या तर आधी मन पाडतात, मग उचलण्याचे पैसे घेतात. 'फेअर अँड लव्हली' १९७५मध्ये आलं आणि २०२०मध्ये नावातला गोरेपणा काढून 'ग्लो अँड लव्हली' झालं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सावळ्या मुलींनी स्वतःबद्दल काय काय ऐकलं, ते कुठल्या डबीत भरायचं? त्याहून वाईट प्रकार बिननावाच्या, आठ दिवसांत उजळ करण्याची हमी देणाऱ्या क्रीम्सचा. त्यांत पुष्कळदा पारा असतो आणि तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडं बिघडवतो. केरळमधल्या डॉक्टरांनी अशा पेशंटची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. घटकांची यादी नसलेली डबी घरात येऊ देऊ नये.

उटण्यानं, गजऱ्यानं, नेलपॉलिशनं उतरते ती मरगळ. दोन आठवडे उलटले, झोप-भूक गेली, फणी उचलायचंही बळ उरलं नाही किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आत्या शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, बोलणं कमी झालेलं. रोज सकाळी तिच्या विरळ पांढऱ्या केसांना मी तिच्याच फणीनं विंचरायची आणि सुपारीएवढा अंबाडा घालून द्यायची. एकदा पावसाची झड लागली होती, ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी पाट मांडला नाही, कारण ती खाली बसू शकत नव्हती; खुर्ची ओढली. केस झाल्यावर माझ्या पावडरचा पफ तिच्या गालांवरून फिरवला. तिनं विरोध केला नाही. मग काय सुचलं कोण जाणे, फणेरपेटीतल्या मेणाच्या डबीशेजारी मी माझं टिकल्यांचं पाकीट टाकून ठेवलं होतं, त्यातली सगळ्यात बारीक काळी टिकली काढली आणि विचारलं, "लावू?"

तिनं त्या एका कानाच्या आरशात बराच वेळ बघितलं.

"कुणी येणारे का आज?"

"नाही गं. कुणीच नाही."

"मग लाव," आत्या म्हणाली.