एका परवान्याची बोली

अमेरिकेत 'वाइल्ड शीप फाउंडेशन'च्या निधी-लिलावात दुर्बिणी, बंदुका आणि वाटाड्यासह शिकारीच्या सहली विकल्या जातात. २०१३ मध्ये मोंटाना राज्यातील बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या शिकारीच्या एका परवान्यावर तब्बल ४ लाख ८० हजार डॉलरची बोली लागली.

अशा बोलीतला मोठा वाटा रानमेंढ्यांच्या संवर्धनाला मिळतो. पाळीव मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया रानातले कळपच्या कळप संपवतो. म्हणून हेलिकॉप्टरमधून जाळे टाकून मेंढ्या पकडायच्या, नाकातला स्राव तपासायचा, निरोगी मेंढ्या नव्या डोंगरांवर सोडायच्या. हे काम खर्चिक असते. शिकारही निवडून केली जाते: नराच्या शिंगावर दरवर्षी एक वळे उमटते. त्यावरून वय ओळखून शिकारी वयस्क नर निवडतो.

एका नराच्या बदल्यात कळप जगत असेल, तर हा व्यवहार रास्त आहे. मात्र परवाने मोजकेच हवेत आणि पै-पैचा हिशेब लोकांसमोर हवा.