टिळकांनी मिशन का सोडले?

बँकेत उमर गेलेल्या माणसाची नजर आधी आकड्यांवर जाते. ख्रिस्ती मिशनविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यातही आकडेच फार. शाळा किती, दवाखाने किती, बाप्तिस्मे किती. एक पक्ष त्याला सेवा म्हणतो, दुसरा आमिष. लातुरात आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींचा वादही याच दोन रकान्यांत संपतो. ही माणसे देवाविषयी नेमके काय मानत होती, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते, तो प्रश्न आधी विचारावा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच पाहा. शाळेच्या पुस्तकात भेटलेले हे कवी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले आणि १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. परदेशी वळणाचा त्यांना कंटाळा आला होता, हे खरेच. पण मुळाशी प्रश्न धर्मविचाराचा होता. ख्रिस्ताचा शिष्य व्हायला बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे का? दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आता सांगा, मिशनच्या नोंदवहीत हा दुसरा शिष्य कोणत्या रकान्यात लिहायचा?

टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला. ती नुसती प्रचाराची युक्ती असे समजणे सोपे आहे. पण तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. ही श्रद्धा वगळली, तर त्या अभंगांचा अर्थच लागत नाही.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. नुसते आमिष म्हणणाऱ्याने ही पत्रे कशी समजावून सांगायची? आणि केडगावचे मुक्ती मिशन सांगून बायबलच्या मराठी भाषांतरात खर्ची पडलेली त्यांची वर्षे गाळली, तर बाई अर्धीच कळते.

त्यांचा देव आपल्याला पटलाच पाहिजे, असे नाही. पण वारीवर लिहिणाऱ्याने दिंड्या मोजल्या, मुक्काम मोजले आणि विठ्ठलाचे नावच घेतले नाही, तर आपल्याला चालेल का? मग शेजाऱ्याच्या श्रद्धेचा हिशेब तरी आपण तसा का मांडावा?