कथेतली तलवार आणि हातातली तलवार

वाचकहो, अद्भुत कथांची गोडी ज्या घरात शिरली, तिथे एक वाद हमखास रंगतो. वनात राहणाऱ्या उंच, सडपातळ एल्फांची तलवार श्रेष्ठ, की जमिनीखाली खाणी खणणाऱ्या बुटक्यांची कुऱ्हाड? टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने १९३७ साली ‘द हॉबिट’ आणि १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध केले, आणि ही मंडळी जगभर पोहोचली. वाद पोरकट वाटेल; पण त्यात एक पक्की गोष्ट दडली आहे बरं का. अंगकाठी, राहण्याची जागा आणि समोरचा शत्रू, या तिन्हींवरून शस्त्र ठरते. अरुंद भुयारात लांब तलवार फिरवणार कशी? तिथे आखूड दांड्याची जड कुऱ्हाडच बरी.

आता हीच कसोटी आपल्या शस्त्रांना लावून पाहू.

नेहमीची वाकडी तलवार घ्या. तिची मूठ इतकी आखूड, की नवख्याला वाटते, ही लहान मुलाची असावी! पण मुठीच्या टोकाशी असलेली चकती मनगटाला अडते आणि मनगट फार वाकू देत नाही. म्हणून वार करायचा तो कोपर आणि खांदा यांच्या जोरावर. पाते वाकडे असल्याने ते नुसते आदळत नाही, घसरत जाते आणि कापते. सुरीने भाजी चिरताना आपण हात ओढतो ना, तसेच हे.

धोप सरळ आणि लांब. घोड्यावरच्या स्वाराला पल्ला हवा, भोसकण्यासाठी टोक हवे. अशा तलवारींना पुष्कळदा युरोपातून आलेले पाते आणि इकडची मूठ बसवीत. तिलाच फिरंग म्हणत.

आणि पट्टा? त्याची तऱ्हाच न्यारी. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, आत मुठीत धरायची आडवी दांडी, पुढे लांब, लवचिक पाते. मनगट पार बांधलेले! तेव्हा पट्टेकरी नुसत्या हाताने लढत नाही, पावलाने लढतो. सगळे अंग गरगर फिरते, आणि पाऊल चुकले की पाते त्याच्याच अंगावर यायचे. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने चिरणारा खेळाडू आपण पाहिला असेल. त्या एका वारामागे वर्षांची मेहनत असते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो या मेहनतीचाही मान समजावा.

कथेत तलवार मंतरलेली असते. शत्रू जवळ येताच निळी चमकते. प्रत्यक्षात चमक कुठून येते, ते पाहायला लांब जायला नको. आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला आठवा. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगली फौजेने त्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, पण १५९६ च्या फेब्रुवारीत एक उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. माणसे मागे हटू लागली. इतिहासकार सांगतात, तेव्हा चांदबीबी तोंडावर बुरखा घेऊन, नागवी तलवार हाती धरून त्या खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे थांबले, परतले. रात्रीतून खिंडार बुजवून भिंत पुन्हा उभी झाली.

त्या तलवारीने किती वार केले, हा प्रश्न इथे गौणच. तिने माणसांचे पाय रोवले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १६०० साली मोगल पुन्हा आले. चांदबीबी शत्रूशी बोलणी करते आहे, असा संशय पसरला आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. परक्या फौजेपुढे उभी राहिलेली तलवार घरातल्या संशयापुढे निरुपयोगी ठरली.

तेव्हा आज घरी एल्फ आणि बुटके यांचे भांडण जुंपले, तर मुलांना दटावू नका. शस्त्राचा आकार त्यांना खुशाल मोजू द्या. फक्त एवढे विचारा, की ते धरणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे? एखाद्या रविवारी त्यांना किल्ला दाखवायला घेऊन जा. तटाजवळ उभे राहिल्यावर उत्तर त्यांचे त्यांनाच सुचेल.