घरगुती मत्स्यालयातील विदूषक माशांचे प्रजनन व डिंभांचे संगोपन

बीजसंज्ञा : विदूषक मासा, डिंभ, रोटिफर, सूक्ष्म शैवाल, सागरी मत्स्यालय.

प्रस्तावना :
नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असणारा विदूषक मासा २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घरोघरी परिचित झाला. प्रवाळ खडकांवर समुद्रपुष्पांच्या आश्रयाने राहणारे हे मासे शोभेच्या व्यापारासाठी दीर्घकाळ समुद्रातूनच पकडले जात. बंदिस्त प्रजनन हा त्यावरील पर्याय होय. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विझिंजम येथील केंद्रांत या माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. प्रस्तुत लेखात ‘ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस’ या जातीच्या आधारे घरगुती प्रजननाचे टप्पे विशद केले आहेत.

जोडीची निर्मिती :
या माशांत प्रत्येक जीव प्रथम नर म्हणूनच परिपक्व होतो. समूहातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो व त्याखालोखालचा प्रजननक्षम नर असतो. मादी मरण पावल्यास नराचे मादीत रूपांतर होते. मात्र मादी पुन्हा नर होत नाही. म्हणून असमान आकाराची दोन पिल्ले एकत्र ठेवल्यास कालांतराने जोडी तयार होते. याउलट दोन प्रौढ माद्या एकत्र आल्यास त्यांच्यात झुंज होते.

अंडी व नराची निगा :
पाण्याचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस व विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ स्थिर राखावे. समुद्रपुष्प अनिवार्य नाही. मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडा अंडी घालण्यास पुरतो. नर पंखांनी पाणी खेळते ठेवतो आणि मृत अंडी काढून टाकतो. आरंभी नारिंगी असलेली अंडी पुढे काळपट होतात व अखेरीस त्यांत रुपेरी डोळे चमकू लागतात. साधारणतः सहा ते आठ दिवसांनी, अंधार पडल्यावर ती उबतात. त्या सायंकाळी फरशी त्याच पाण्याने भरलेल्या स्वतंत्र पेटीत हलवावी. तेथे नराचे कार्य हवेच्या मंद बुडबुड्यांकडे सोपवावे लागते.

डिंभांचे संगोपन :
खरी कसोटी येथे लागते. डिंभ अवघे तीन-चार मिलिमीटर लांबीचे असून त्यांच्याजवळील पीतकाचा साठा अत्यल्प असतो. चूर्णरूप खाद्य ते सहसा स्वीकारत नाहीत आणि आर्टेमियाची पिल्लेही त्यांच्या मुखाच्या मानाने मोठी ठरतात. त्यामुळे पहिला आठवडा ‘ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस’ या रोटिफरवरच निभावतो. रोटिफरचे पोषणमूल्य त्याला दिलेल्या अन्नावर अवलंबून असते. म्हणून तो ‘नॅनोक्लोरोप्सिस’सारख्या सूक्ष्म शैवालावर वाढवावा लागतो. अर्थात शैवाल, रोटिफर व डिंभ अशी अन्नसाखळीच घरात उभारावी लागते आणि तिचा प्रारंभ अंडी उबण्याच्या काही आठवडे आधी करावा लागतो.

प्रकाश मंद ठेवल्यास व पेटीच्या बाजू काळ्या केल्यास डिंभांना भक्ष्य टिपणे सुलभ होते. न खाल्लेले अन्न व विष्ठा यांतून निर्माण होणारा अमोनिया घातक असल्याने तळ रोज स्वच्छ करून थोडे पाणी बदलावे. आठ ते बारा दिवसांच्या सुमारास रूपांतरण होऊन पांढरे पट्टे उमटू लागतात. त्यानंतर नुकतीच उबलेली आर्टेमिया व पुढे बारीक कोरडे खाद्य देता येते.

समारोप :
अंडी मिळणे हे यश नव्हे. ते माशांच्या सहजप्रवृत्तीचे फलित आहे. पालकाचे कौशल्य रोटिफरच्या अखंड पुरवठ्यात दिसून येते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लिंगपरिवर्तन, पितृसंगोपन, रूपांतरण व अन्नसाखळी या चारही संकल्पना एकाच पेटीत प्रत्यक्ष पाहता येतात, हे या उपक्रमाचे शैक्षणिक मूल्य होय.