मुहूर्त दसऱ्याचा, निवड विवेकाची

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी पंचांग न उघडता शुभकार्यास आरंभ करावा, असे आपली परंपरा सांगते. सोने लुटावे, सीमोल्लंघन करावे आणि ज्या साधनांच्या बळावर घर चालते त्यांची मनोभावे पूजा करावी, हा या दिवसांचा आचार. अज्ञातवास संपताच पांडवांनी शमीवृक्षावरची शस्त्रे पुन्हा हाती घेतली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पण आपल्या धर्मजीवनात शस्त्राइतकाच मान नांगरालाही आहे, याचे स्मरण तितकेसे राहत नाही. बलरामाच्या खांद्यावर नांगर आहे, म्हणून तो हलधर. जनकराजाच्या नांगराच्या तासात सीता प्रकटली आणि तिच्या नावाचा अर्थच मुळी नांगराचे तास असा आहे. म्हणूनच खंडेनवमीला व दसऱ्याला शेतकऱ्याच्या घरी नांगर, विळा, कोयता यांवर हळदकुंकू वाहिले जाते आणि कोकणात भाताच्या नव्या लोंब्यांचे तोरण दारावर चढते.

गेल्या काही दशकांत या पूजेत ट्रॅक्टरची भर पडली आहे. झेंडूच्या माळा घातलेला, पुढच्या भागावर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेला नवा ट्रॅक्टर दसऱ्याच्या दिवशी गावात शिरतो, तेव्हा सुवासिनी त्याला ओवाळतात आणि चाकाखाली नारळ फुटतो. सोहळा आनंदाचा खराच. परंतु पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेणाऱ्या घराने तो कोणत्या विचाराने निवडला, हा प्रश्न या मंगलदिनीच विचारणे अगत्याचे आहे. कारण मुहूर्त एका दिवसाचा असतो आणि कर्जाचे हप्ते अनेक वर्षांचे असतात.

शहराच्या कडेची शेती

नवी मुंबई म्हटले की डोळ्यांपुढे उंच इमारती, वाशीची बाजारपेठ आणि आता विमानतळ उभा राहतो. परंतु १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी योजल्या गेल्या, त्यापूर्वी हा सारा मुलूख भातशेतीचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. आगरी आणि कोळी समाजाच्या कित्येक पिढ्या येथे खाडीच्या पाण्याला बांध घालून खारजमिनीत भात पिकवीत आल्या. ती शेते आता रस्त्यांखाली आणि वसाहतींखाली गेली. तरी पनवेलच्या पूर्वेस माथेरानच्या डोंगराकडे जाऊ लागले, की पावसाळ्यात अजूनही हिरवी खाचरे दिसतात. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरणारी घरे तेथे आजही आहेत.

या घरांची अडचण निराळी आहे. तरुण मुले तळोज्याच्या कारखान्यांत, उरणच्या बंदरात किंवा शहरातल्या कचेऱ्यांत कामाला जातात. चिखलणीला माणूस मिळत नाही आणि दोन महिन्यांच्या कामासाठी वर्षभर बैलजोडी पोसणे परवडत नाही. म्हणून बैल गेले आणि ट्रॅक्टरचा विचार आला.

अशाच एका घराची हकीकत येथे सांगावीशी वाटते. खाडीकाठची त्यांची जमीन संपादनात गेली आणि डोंगराकडची चार एकर उरली. मोबदल्याच्या पैशांतून घरच्यांनी मोठ्या हौसेने एक टेम्पो घेतला होता. घेताना त्याचा रंग पाहिला आणि भाड्याचा बेत केला, पण हिशोब मात्र कोणी केला नाही. चार वर्षांत तो टेम्पो भंगारात निघाला. ही जखम आजोबांच्या मनात ओली होती. २०२४ च्या दसऱ्यापूर्वी नातवाने ट्रॅक्टरची गोष्ट काढली. तीन निरनिराळ्या कंपन्यांचे विक्रेते दारी येऊन गेले होते. एक लाल रंगाचा, एक निळा आणि एक हिरवा, अशी तीन चित्रपत्रके ओटीवर पडली होती. दसऱ्यालाच घेतला तर सूट मिळेल, असे तिघांचेही म्हणणे होते. नातवाचे मन पंचेचाळीस अश्वशक्तीच्या मोठ्या ट्रॅक्टरवर बसले होते. आजीने आपल्या पुतळ्यांची माळ पहिल्या भरण्यासाठी मोडायची तयारी दाखविली होती. आजोबा एवढेच म्हणाले, “हा आपल्या खाचरात वळेल का, ते आधी मला दाखवा.”

या एका प्रश्नात पहिल्या खरेदीचे सारे सार आहे.

रंगांमागचा इतिहास

ट्रॅक्टरच्या नावाविषयी शेतकऱ्याच्या मनात एक प्रकारची निष्ठा असते. वडिलांनी ज्या नावाचा ट्रॅक्टर चालविला तोच मुलाला खरा वाटतो. परंतु या नावांचा इतिहास पाहिला, म्हणजे निष्ठा कोठवर ठेवावी हे उमगते.

आयशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादेत तयार होऊ लागला. महिंद्रांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने या व्यवसायात पाऊल टाकले आणि मुंबईच्या कांदिवलीतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. स्वराज हा भारतीय अभियंत्यांनी दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत आखलेला ट्रॅक्टर १९७४ मध्ये पंजाबातून बाजारात आला. पुढे २००७ मध्ये ही पंजाबची कंपनी महिंद्रांकडे आली. आयशरचा ट्रॅक्टर-व्यवसाय २००५ मध्ये मॅसी फर्ग्युसन बनविणाऱ्या चेन्नईच्या टाफे कंपनीने घेतला. फार्मट्रॅक व पॉवरट्रॅक ही दोन्ही एस्कॉर्ट्सची नावे असून, आज ती कंपनी जपानच्या कुबोटाशी जोडली गेली आहे. जॉन डिअर मूळचा अमेरिकन. पण त्याचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीस आहे. म्हणजे चावडीवर ज्या दोन नावांवरून दोन भाऊ हमरीतुमरीवर येतात, ती दोन्ही नावे कधीकधी एकाच मालकाच्या घरची असतात!

या इतिहासातून दुसराही एक धडा मिळतो. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर एके काळी मोठ्या लौकिकाचा होता. त्या सरकारी कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. पुण्याच्या फोर्स मोटर्सनेही २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय थांबविला. ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षे शेतकऱ्याजवळ राहतो, कंपनीचा व्यवसाय मात्र तितकी वर्षे टिकेलच असे नाही. तेव्हा नाव पाहताना त्या नावाचे सुटे भाग पनवेलला, कर्जतला किंवा पेणला मिळतात काय, आणि तो खोलून पुन्हा जोडणारा मिस्त्री किती कोसांवर आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. आषाढातल्या झडीत ट्रॅक्टर खाचरात बंद पडला, तर कंपनीचा लौकिक तेथे कामास येत नाही. मिस्त्रीच यावा लागतो.

जमिनीचे म्हणणे

मराठवाड्याच्या काळ्या, सपाट आणि विस्तीर्ण रानात मोठा ट्रॅक्टर शोभतो. ऊस ओढण्याच्या कामीही त्याचे बळ लागते. कोकणातले भातखाचर ही निराळी सृष्टी आहे. ते लहान, चहूबाजूंनी बांध असलेले, एकाखाली एक उतरत गेलेले असते. तेथे ट्रॅक्टरचे वजन ही शक्ती नसून ओझे ठरते. जड चाक चिखलात रुतते आणि चिखलाखालचा पाणी धरून ठेवणारा घट्ट थर फोडून टाकते. मग खाचरात पाणी ठरत नाही.

यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रॅक्टर किती जागेत वळतो. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळते काय. आणि चिखलणीसाठी मागच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाके, म्हणजे केज व्हील, जोडता येतात काय. ब्रेक तेलात बुडालेले असले तर चिखलपाण्यात ते अधिक टिकतात. पंधरा ते तीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आता महिंद्रा, स्वराज, कुबोटा, व्हीएसटी अशा अनेक कंपन्या बनवितात. जेथे खाचरे फारच लहान आहेत आणि ट्रॅक्टर उतरण्यास वाटच नाही, तेथे पॉवर टिलर अधिक उपयोगी पडतो, हेही विसरू नये.

अश्वशक्तीच्या आकड्यानेही पहिला खरेदीदार फसतो. पत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर ज्या दांड्यावर फिरतो, त्या पी.टी.ओ. दांड्यापर्यंत पोचणारी शक्ती त्याहून कमी असते आणि काम तीच करते. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना दोहोंचे पी.टी.ओ. आकडे समोरासमोर ठेवावेत. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्रपरीक्षण संस्था आहे. ट्रॅक्टरची शक्ती, ओढ, डिझेलचा खप यांची तेथे तपासणी होते आणि तिचा अहवाल निघतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. मागण्यात संकोच कसला? सोने घेताना आपण कस लावून घेतोच की!

हिशोबाची वही

दसऱ्याला वहीची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाने वहीत लिहिण्याचाही परिपाठ ठेवावा. समजा, पाच लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले आणि हप्ता दर सहा महिन्यांनी ठरला. तो हप्ता सुमारे पासष्ट हजारांचा होईल, म्हणजे वर्षाला एक लाख तीस हजार. चार एकरांच्या घराला वर्षात समजा चाळीस तास ट्रॅक्टरचे काम असेल आणि भाड्याचा दर ताशी हजार रुपये धरला, तर भाड्याने काम भागविण्यास चाळीस हजार पुरतात. उरलेले नव्वद हजार, शिवाय डिझेल, विमा व दुरुस्ती कोठून यायची? एकतर शेजाऱ्यांच्या शेतांवर भाड्याने काम मिळविले पाहिजे, नाहीतर भावकीने मिळून एक ट्रॅक्टर घेतला पाहिजे. दोन्ही जमणार नसेल, तर ट्रॅक्टर न घेणे हीच उत्तम निवड. कर्जासाठी सात-बारावर बोजा चढतो, आणि ज्या मुलखाने आपली जमीन एकदा गमावली आहे, त्याने उरलेली जमीन गहाण टाकताना दहा वेळा विचार करावा.

सरकारी अनुदानाचीही शिस्त आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, निवड व्हावी लागते आणि पूर्वसंमतीचे पत्र हाती आल्यानंतरच खरेदी करावी लागते. मुहूर्त साधण्याच्या घाईत ट्रॅक्टर आधी आणला आणि अर्ज मागून केला, तर अनुदान हातचे जाते.

सीमोल्लंघन

त्या घरी २०२४ च्या दसऱ्याला ट्रॅक्टर आला नाही. नातू रुसला. पाटावर जुन्याच नांगराची पूजा झाली आणि आजीची माळ तिच्या गळ्यातच राहिली. पुढच्या पावसाळ्यात आजोबांनी तिन्ही विक्रेत्यांना निरोप धाडला, की ट्रॅक्टर आमच्या खाचरात, आमच्या चिखलात चालवून दाखवा. एकाने येण्याचे टाळले. दुसऱ्याचा मोठा ट्रॅक्टर पहिल्याच वळणावर बांधाला लागला आणि चारही कोपरे नांगरावाचून राहिले. तिसऱ्याचा लहान, चारही चाकांनी चालणारा ट्रॅक्टर केज व्हील लावून उतरला आणि दुपारपर्यंत दोन खाचरांची चिखलणी करून वर आला. नातवाने मोठ्या ट्रॅक्टरचे नाव पुन्हा काढले नाही. त्याने आपण होऊन चुलत्यांच्या दोन घरांशी बोलणी केली, शेजारच्या कोणाला किती तासांचे काम लागते ते वहीत टिपले आणि मगच बँकेची पायरी चढला.

त्या सबुरीचे एक फळ अनपेक्षितपणे मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमका घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक पस्तीस हजारांचा होतो. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, तीन घरांचा मिळून तो लहानसा ट्रॅक्टर अंगणात आला. त्याच्याशेजारी जुना नांगरही मांडला होता. आजीने आधी नांगराला कुंकू लावले आणि मग ट्रॅक्टरला.

मुहूर्ताचे माहात्म्य त्यामुळे उणे झाले काय? मुळीच नाही. निवड आधीच झालेली होती. मुहूर्त होता तो घरी आणण्याचा. अर्जुनाने शमीवरून धनुष्य काढले, तेव्हा ते कोणते हे त्याला शोधावे लागले नाही. आपले साधन त्याला आधीच ठाऊक होते. आपणही आपली जमीन, आपले बळ आणि आपली ऐपत ओळखून साधन निवडावे, मग त्याला झेंडूची माळ घालावी. लोभाची, हट्टाची आणि देखाव्याची सीमा ओलांडणे हेही सीमोल्लंघनच होय.

विजयादशमीच्या या मंगलदिनी ज्यांच्या दारी नवे साधन येईल, त्यांच्या शेतात लक्ष्मी नांदो आणि त्यांच्या सात-बारावरचा बोजा वेळेवर उतरो!