अली की मार्सियानो? वाद आणि संशोधनप्रश्न यांतला फरक

मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो दोघंही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते, तर? हा वाद रात्रभर रंगतो, कारण त्यात कुणीच खोटं ठरू शकत नाही. संशोधनाचा प्रश्न निवडताना तुम्हाला नेमकं हेच टाळायचं आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेत याचं उत्तर कॉम्प्युटरकडून मिळवायचा घाट घातला गेला. दोघांना रिंगमध्ये उतरवून वेगवेगळे शेवट शूट केले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानो १३व्या फेरीत जिंकला. युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवला! यातलं चूक कुठलं? सांगता येत नाही, कारण ताडून बघायला खरी लढत झालेलीच नाही.

मग विषय सोडायचा का? नाही, प्रश्न बदला. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकला, पण त्याचं वजन जेमतेम ८५ किलो. आज तो क्रूझरवेटमध्ये लढू शकला असता. तिथली मर्यादा सुमारे ९०.७ किलो आहे. म्हणजे आधी 'हेवीवेट'ची व्याख्या करा. मग विचारा: आपापल्या काळातल्या अव्वल दहांपैकी कुणी किती जणांना हरवलं? याच्या नोंदी सापडतात, आणि तुमचा अंदाज चुकूही शकतो.

प्रपोजल लिहिण्याआधी हे वाक्य पूर्ण करून बघा: 'अमुक दिसलं, तर माझं म्हणणं चूक.' 'अमुक'च्या जागी काहीच सुचत नसेल, तर तुमच्या हातात अजून प्रश्न नाही, नुसता वाद आहे.